तिसऱ्या खांबावरची रेघ

कमळ, परवा तुझा जलदानविधी झाला. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. रुळांवर काम करणारी तुझी अर्धी गॅंग तर बाहेर चपलांच्या ढिगात उभी होती. तुझ्या लेकीने, सुजाताने, मला हाताला धरून पुढे नेलं आणि तुझ्या फोटोच्या अगदी समोर बसवलं. फोटो तरी कुठला लावावा या पोरीने? रेल्वेच्या पासवरचा, मोठा करून! त्यात तू अशी बघतेस की जणू तुझा पास मीच चोरलाय. मी आपली मान खाली घालून बसले. बायकांना वाटलं रडतेय. रडत होतेच गो, पण मान खाली घालायचं कारण निराळं होतं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून दहा-अकरा वर्षं लपवली. तू समोर होतीस तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि आता तू नाहीस तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तू म्हणाली असतीस, "हिरे, तुजा सगला उलटाच." असू दे उलटं. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर नेहमीसारखं आपलं मधेच भांडण जुंपेल आणि मुद्दा राहून जाईल.

पुलाचं काम निघालं तेव्हा आपण दोघी नव्यानेच लग्न होऊन आलेल्या. मी वरच्या आळीत, तू खाली नदीच्या अंगाला बौद्धवाडीत. एरवी आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण मुकादमाला घमेली पोचवायला माणसांची रांग लावायची होती. त्याने आपल्या दोघींची उंची सारखी बघितली आणि शेजारी शेजारी उभं केलं. पहिले दोन दिवस मी तुझ्याशी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या पायावर खडी सांडलीस, आणि मग मी जी बोलायला लागले ती थांबले नाही.

पुलाच्या खांबाच्या पायाला तिथले लोक विहीर म्हणायचे. पोकळ गोल सिमेंटचं बांधकाम नदीत उभं करायचं, आतून गाळ उपसायचा, की ते आपल्या वजनाने खाली खाली बसत जातं. हे मला तूच समजावलंस. मी घरी जाऊन सासूला सांगितलं की नदीत विहिरी पाडतायत. सासू म्हणाली, "पाण्यात विहीर? रेल्वेला येड लागलाय काय?" तिसरी विहीर कलली ते आठवतं? इंजिनियरचं तोंड पांढरं पडलं होतं. मग वर गेलेल्या बाजूला वाळूच्या गोण्या रचत बसायचं, सगळा हिवाळा तेच. गोण्या वाहून वाहून माझे खांदे सोलले, आणि तू रोज म्हणायचीस, "आज बोटभर सरळ झाली बघ." मला तर कधीच दिसलं नाही. पण झाली एकदाची सरळ. त्या खांबावर तू कायम हक्क सांगायचीस. "तो आपला खांब," म्हणायचीस, पाहुण्यांना दाखवायचीससुद्धा.

कामावर आपण एकमेकींची भाकरी खाल्ली. तुझी सुक्या जवळ्याची चटणी मी चाटूनपुसून खायची. पण संध्याकाळी गावाकडे वळलो की मी माझ्या वाटेला आणि तू तुझ्या. तुझ्या उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवला नव्हता. तू कधी बोलावलं नाहीस आणि मी कधी आले नाही. तेव्हा त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं, हे आज लिहायलाही लाज वाटते.

पूल झाला. तुझ्या नवऱ्याला गॅंगमध्ये घेतलं, मी धामणकर नाक्याजवळ लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागले. चार-पाच वर्षांत तो बिचारा काविळीने गेला. दोन पोरी तुझ्या पदरात. त्याच्या जागी तुला घ्यावं म्हणून अर्ज करायचा होता. माझी सातवी झालेली, अक्षर बरं. मी लिहिला. शेतावरच्या मांडवात बसून, तीनदा फाडून चौथ्यांदा. तू शेजारी बसून एकेक अक्षर बोटाने वाचत होतीस आणि विचारत होतीस, "ह्यो 'ह' असा वाकडा कशाला काडतेस?" मी म्हटलं, माझा ह असाच आहे, नोकरी मिळाल्यावर बोल. नोकरी मिळाली. गॅंगमधले पुरुष आठवडाभर हसले, मग तू पहार कशी मारतेस ते बघून गप्प झाले.

पावसाळ्यात तुला पुलावर दिवसाची ड्युटी लागायची. टोकाला पत्र्याची खोपी, लाल-हिरवे बावटे, बाहेर टांगलेला, धोक्याला ठोकायचा रुळाचा तुकडा. तिसऱ्या खांबावर रेल्वेने मारलेली लाल रेघ होती. पाणी कुठवर आलं ते तासातासाला बघायचं आणि वहीत लिहायचं. पाणी लाल रेघेला लागलं की गाडी थांबवायची.

गावात सगळ्यांची समजूत एकच, की लाल रेघ कोरडी असेपर्यंत भ्यायचं कारण नाही. रेल्वेने मारलीय म्हणजे साहेबाने मोजूनच मारली असणार! त्या वर्षी आठ दिवस धार लागली होती. माझा नवरा दर तासाला बांधावर जाऊन यायचा आणि सांगायचा, "रेघ हाताभर वर हाय अजून." सासू म्हणाली, मग झोपा. दुपारी जेवून आडवे झालो आणि गोठ्यातून म्हैस ओरडली. पाणी मागच्या अंगाने आलं होतं. माणसं कशीबशी निघालो, म्हैस दाव्याला होती ती दाव्यालाच राहिली. पोटात वासरू होतं तिच्या. मी दुसऱ्या दिवशी तुझ्या खोपीवर येऊन तुला वाटेल ते बोलले. पाण्यावर लक्ष ठेवायला तुला बसवलेलं, तुला कळलं नाही? तू ऐकून घेतलंस. तुझं घर तर माझ्या आधीच बुडालं होतं, ते मी विचारलंही नाही. मग तू एवढंच म्हणालीस, "हिरे, ती रेघ गर्डरची हाय. तुमची न्हाय, आमची पन न्हाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले. रेल्वेने बघितलं होतं ते पुलाच्या लोखंडाला पाणी लागेल का. गाव त्याच्या कितीतरी खाली. आम्ही सगळे शहाणे दुसऱ्याच्या रेघेवर मान ठेवून झोपलो होतो.

मग तुझ्या डोक्यात ते भूत शिरलं. गावाची रेघ मारायची. पण मारायची कुठे? वरच्या आळीतले म्हणाले, मारुतीच्या देवळाच्या जोत्याला पाणी लागेल तिथली धरा. तू हटूनच बसलीस. "पाणी पयला कुनाच्या दारात येतंय?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बौद्धवाडीतलं शेवटचं घर तुझं, आणि सगळ्यात खालची पायरी तुझी.

पुढच्या पावसाळ्यात ते काम आपण दोघींनीच केलं. तू पुलावर, गाडी आली की माणसाला बाजूला उभं राहायला जो लोखंडी सज्जा असतो त्यात. हातात दोरी, टोकाला दगड. मी तुझ्या दारात, पिवळी साडी हातात घेऊन. पाणी तुझ्या पायरीला लागलं की मी साडी फिरवायची, आणि त्या घटकेला तू दगड पाण्याला टेकवून दोरीला गाठ मारायची. तीन दिवस मी तुझ्या दारात भिजत बसले. पाणी पायरीपाशी यायचं आणि खाडीला ओहोटी लागली की मागे जायचं, अगदी सरकारी माणसासारखं! तिसऱ्या दिवशी तुझी धाकटी आतून चहा घेऊन आली. मी घेतला. उभ्याने घेतला, मग आत येऊन बसून दुसरा घेतला. तुझ्या घरातला तो माझा पहिला चहा, एवढ्या वर्षांनी, आणि तू तिकडे पुलावर. त्याच दुपारी पाणी पायरीला लागलं. मी साडी अशी फिरवली की खांदा महिनाभर दुखत होता.

उन्हाळ्यात नदी उतरल्यावर तू तिसऱ्या खांबाला शिडी लावलीस, गाठ वर सज्ज्यापाशी बांधून दोरी सोडलीस आणि दगड जिथे आला तिथे पांढऱ्या रंगाने रेघ मारलीस. लाल रेघेच्या बरीच खाली. खालून मी ओरडत होते, डावीकडे उतरलीय, सरळ कर! तू म्हणालीस, "तू ये वर आनि मार." रेघ शेवटपर्यंत जरा डावीकडे उतरलेलीच राहिली. हेही आपलं भांडण मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

आता ती गोष्ट येते. मी टाळत होते, पण आता येतेच.

रेघ मारल्यावरचा पहिलाच श्रावण. शुक्रवार होता, लूम बंद, मी घरी. माझ्या वंदनाला बघायला पडघ्याहून पाहुणे यायचे होते. मी पहाटेपासून चुलीशी. वडे तळले, शेवया केल्या, वंदनाला माझी जरीची साडी नेसवली. अकराच्या सुमाराला रुळाचा तुकडा वाजायला लागला. ठण् ठण् ठण्, थांबेचना. पाणी पांढऱ्या रेघेला लागलं होतं. सगळा गाव पोरंबाळं, गोधड्या, कोंबड्या घेऊन रेल्वेच्या बांधावर चढला. आम्हीही चढलो. आणि दुपारी पाहुणे आले, ते छत्र्या धरून बांधाच्या खाली उभे राहिले. वर नवरी मुलगी, जरीच्या साडीवर गोणपाट घेतलेली, मांडीवर कोंबडी! त्यांच्यातली एक बाई हसली. वंदनाने ते बघितलं. चहासुद्धा न घेता गेले पाहुणे.

आणि पाणी? संध्याकाळी ओहोटीबरोबर उतरलं. वरच्या आळीत एकाही घरात शिरलं नाही.

माझं डोकं फिरलं होतं. वंदना रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या ओटीवर माणसं जमली होती, सगळ्यांचा तोच सूर. ही बाई गावाला नाचवते, हिला कुणी अधिकार दिला? रेल्वेला अर्ज करायचा ठरलं. लिहिणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणू शकत होते, कमळ. कुणी माझा हात धरला नव्हता. मी लिहिला. एका बैठकीत, एकदाही न फाडता. 'सदर बाईने खांबावर बेकायदेशीर रेघ मारली असून ती विनाकारण घबराट पसरवते. सदर दिवशी गावात पाणी आले नाही.'

गावात पाणी आले नाही, असं लिहिलं मी. तुझ्या घरात त्या दिवशी गुडघाभर पाणी होतं. तुझ्या शेजारच्या तीन घरांत होतं. तुझ्या तांदळाच्या कणग्या भिजल्या, सुजाताची पुस्तकं तू वळणीवर कपड्यांसारखी वाळत घातली होतीस. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, अर्ज लिहायला जाताना, वाटेत. आणि तरी ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही, कारण गाव म्हटल्यावर तुमची चार घरं माझ्या मनात आलीच नाहीत. खोटं लिहितेय असंसुद्धा वाटलं नाही, याचंच मला आता भय वाटतं.

तुला मेमो मिळाला. लांबच्या गॅंगवर बदली झाली. पहाटे अंधारात डबा घेऊन निघायचीस, दिवेलागणीला परत. तीन वर्षं. पोरी एकमेकींना सांभाळून मोठ्या झाल्या. मी अधूनमधून त्यांना भाजी नेऊन द्यायची, आणि शेजारपाजारच्या म्हणायच्या, हिराबाईची माया बघा. मला ते ऐकवायचं नाही. वंदनाचं पुढच्याच वर्षी काल्हेरला जमलं, गोडाऊनवर कामाला असलेला मुलगा, चांगला निघाला. मग राग तरी कशावर धरायचा? राग गेला आणि नुसती ती गोष्ट राहिली.

रेघ मात्र राहिली. रेल्वेने पुसायचं लिहून दिलं असेल, पुसायला कुणी आलं नाही. तू नव्हतीस त्या वर्षांत पुन्हा मोठं पाणी आलं. दिवस शुक्रवारचाच. माझं लक्ष खांबाकडे गेलं आणि रेघ दिसेचना. मी परात आणि पळी घेऊन बोंबलत सुटले. या खेपेला आधी बौद्धवाडीत गेले, मग वर आले. तासाभराने देवळाच्या जोत्यावरून पाणी गेलं. माझी सासू पाठुंगळी बसून बांधावर पोचली. एक माणूस गेलं नाही, एक दावं सोडायचं राहिलं नाही. तू रात्र पडायच्या आत गावात पोचलीस तेव्हा चिखलात उभी राहून मला एकच विचारलंस, "खालची सगली निगाली?" मी म्हटलं, सगळी. तू माझ्या गालावरचा चिखल पदराने पुसलास. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. पण तू इतकी खूश होतीस, आणि मी भित्री.

त्यानंतर दर वर्षी पावसाच्या तोंडावर बायकाच रेघ रंगवून घेतात. आताच्या पोरींना वाटतं ती रेल्वेनेच मारलीय. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुलाची हकीकत लिहायची ठरली तेव्हा मी म्हटलं, रेघ कमळने मारली असं लिहा. तू माझ्यावरच उखडलीस. "नको गो बाय, साहेबाना कललं तर पुसतील." तू परत आपल्या पुलावर आली होतीस, तुला तेवढं पुरत होतं.

शेवटची भेट धामणकर नाक्यावर. तू सुजाताच्या बाळंतपणासाठी डिंक घ्यायला आलेली, मी शिफ्ट सुटून. शेअर रिक्षात मागे चौघी कोंबलेल्या, तू अर्धी माझ्या मांडीवर. मी म्हटलं, "कमळ, तुला एक सांगायचं होतं." तू म्हणालीस, "बोल की." तेवढ्यात रिक्षावाला वळून ओरडला, "मौसी, थोडा सरको, एक सवारी और है!" तू त्याच्याशी भांडायला लागलीस, माणसं आहेत का सुताच्या गाठी म्हणून. मग उतरायची वेळ झाली. तू काही क्षण माझ्याकडे बघत उभी राहिलीस. मी म्हटलं, "जाऊ दे, पुढल्या खेपेला." तू मान हलवलीस आणि गेलीस. आठ दिवसांनी सकाळी तुझ्या छातीत कळ आली. मी लूमवर होते, बातमी दुपारी पोचली.

तर परवा विहारात सगळे बोलले. तुझ्या गॅंगचा मिस्त्री बोलला, रडला. मग सरपंच उठला. तोच, ज्याच्या ओटीवर अर्ज झाला. म्हणाला, कमळबाईंनी गाव वाचवला, मधल्या काळात काही लोकांच्या गैरसमजामुळे त्यांना थोडा त्रास झाला. काही लोक! थोडा त्रास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, चांगलं काम मी रागातच करते. उठले. म्हटलं, "ते काही लोक म्हणजे मी. अर्ज मी लिहिला. हिच्या घरात पाणी होतं आणि मी लिहिलं की गावात पाणी आलं नाही." आणि तशीच खाली बसले. मला वाटलं आता तुझी सुजाता मला बाहेर काढेल, आणि काढायलाच हवं होतं.

ती बाळाला खांद्यावर घेऊन आली, माझ्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, "मावशी, आईला माहीत होतं. साहेबाने अर्ज तिच्यापुढे ठेवला होता. तुमचा ह ती ओळखणार नाही?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाही गो ती? एवढी वर्षं? माझ्याबरोबर जेवायची, हसायची..."

"मी पण विचारायचे. तर म्हणायची, मी कशाला बोलू, हिराच सांगेल. दर वर्षी पावसाळा लागला की म्हणायची, यंदा सांगेल बघ." पोरीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्या दिवशी नाक्यावरून आली ना, तेव्हा पण म्हणाली. आज हिरा सांगत होती, रिक्षावाला मेला मधे आला."

कमळ, तुझ्या पायरीवर बसून लिहितेय हे. सुजाता आत चहा ठेवतेय. माफी मागायला तोंड नाही माझं, ती मागत नाही. फक्त तो कागद दुरुस्त करते, माझ्याच अक्षरात. त्या शुक्रवारी गावात पाणी आलं होतं. सगळ्यात आधी तुझ्या घरात आलं होतं.